समाजवाद, सातबारा आणि पगाराची स्लिप

मागच्या अंकात राज्यघटनेच्या उद्देशिकेतल्या ‘समाजवादी’ या शब्दावर एक टिपण होतं. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने तो शब्द आला आणि तो काढावा ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी फेटाळली, एवढाच त्याचा विषय. पत्रं मात्र आली ती घरांची, जमिनींची आणि पगाराच्या स्लिपांची. सारख्या मुद्द्यांची पत्रं एकत्र केली आहेत. पत्रलेखकांची नावं न देता फक्त गावं दिली आहेत.

प्रश्न : घटनेत ‘समाजवादी’ आहे म्हणजे सरकारला कुणाचंही घर ताब्यात घेता येतं, असं आमच्या कट्ट्यावर एकाने ठासून सांगितलं. मालमत्तेचा मूलभूत हक्कही काढून टाकलाय म्हणे. मग आमच्या हातात उरलं काय? (सोलापूर)

उत्तर : कट्ट्यावर दोन गोष्टींची गल्लत झाली आहे. उद्देशिकेतला शब्द कुठल्याही अधिकाऱ्याला कुणाच्या दारात उभं राहण्याचा अधिकार देत नाही. त्याला कायदा लागतो. मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून गेला हे खरं, पण तो ‘समाजवादी’ शब्द घालणाऱ्या सरकारने काढलेला नाही. आणीबाणीनंतर आलेल्या जनता सरकारने ४४ व्या दुरुस्तीने तो काढला आणि २० जून १९७९ पासून ती दुरुस्ती लागू झाली. त्याच दुरुस्तीने कलम ३००-ए आलं : कायद्याच्या आधाराशिवाय कुणालाही मालमत्तेपासून वंचित करता येणार नाही. व्यवहारात फरक पडला तो असा की, या हक्कासाठी कलम ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात जायची वाट बंद झाली. उच्च न्यायालयाची, कलम २२६ ची वाट उघडीच आहे.

आणि ३००-ए वाटतं तितकं पोकळ नाही. १६ मे २०२४ च्या कोलकाता महापालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यातून सात उपहक्क काढून दाखवले. आधी नोटीस मिळाली पाहिजे. हरकत ऐकली गेली पाहिजे. निर्णय कारणांसह हवा, संपादन सार्वजनिक कामासाठीच हवं आणि मोबदला वाजवी हवा. प्रक्रिया वेळेत झाली पाहिजे आणि शेवटी ती रीतसर पूर्णही झाली पाहिजे. यातलं एक जरी गळालं तरी संपादनाला आव्हान देता येतं.

लोक हरतात ते बहुतेक वेळा हक्क नसतो म्हणून नव्हे, तारखा हुकतात म्हणून. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली प्राथमिक अधिसूचनेनंतर हरकतीला ६० दिवस मिळतात, तर राष्ट्रीय महामार्ग कायद्याखाली फक्त २१. त्यामुळे नोटीस हातात पडली की ती कोणत्या कायद्याखाली आहे हे सगळ्यात आधी वाचा. दुसरी चूक मोबदला घेताना होते. २०१३ च्या कायद्याखाली रक्कम उचलताना ‘अंडर प्रोटेस्ट’, म्हणजे हरकत राखून, असं लिहून सही केली नाही, तर वाढीव मोबदल्यासाठी दाद मागण्याचा हक्क जातो. गावात एकाने तसं न लिहिता सही केली की मागचे सगळे त्याच रांगेत त्याच पद्धतीने सह्या करतात, हे फार वेळा घडतं.

प्रश्न : आमची चाळ उपकरप्राप्त आहे. भाडेकरू म्हणतात, ७० टक्के एकत्र आलो तर सरकार इमारत घेऊन आम्हाला देईल. मालक म्हणतो, सर्वोच्च न्यायालयाने ते बंद केलं. खरं कोणाचं? (गिरगाव)

उत्तर : पूर्ण खरं कुणाचंच नाही. म्हाडा कायद्यात १९८६ मध्ये प्रकरण आठ-ए घातलं गेलं. ७० टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून अर्ज केला, तर जुनी उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी, इमारत सरकारने संपादित करून संस्थेला द्यायची आणि मालकाला मासिक भाड्याच्या १०० पट रक्कम द्यायची, अशी तरतूद. हिशेब करून पाहा. २० खोल्या, दर खोलीला ५० रुपये भाडं, म्हणजे महिन्याचे १,००० रुपये. त्याचे शंभर पट झाले १ लाख. दक्षिण मुंबईतल्या इमारतीची आणि तिच्याखालच्या जमिनीची ही किंमत! मालकांची संघटना १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली ती यासाठी.

खटला बत्तीस वर्षं चालला, कारण प्रश्न चाळीपुरता राहिला नाही. कलम ३९ (बी) म्हणतं की ‘समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीची’ मालकी आणि नियंत्रण सर्वांच्या हिताच्या दृष्टीने वाटलं जावं. कलम ३१ (सी) म्हणतं की यासाठी केलेल्या कायद्याला समतेच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्कांखाली, म्हणजे कलम १४ आणि १९ खाली, आव्हान देता येणार नाही. आता ‘समाजाच्या साधनसंपत्तीत’ तुमची खासगी खोली, दुकान, भांडवल हे सगळंच येत असेल, तर ३१ (सी) ची ढाल वाटेल त्या कायद्यापुढे धरता येईल. न्या. कृष्ण अय्यर यांनी १९७७ च्या एका निकालात तोच व्यापक अर्थ घेतला होता. तो तेव्हा अल्पमताचा होता, पण पुढे १९८२ च्या संजीव कोक प्रकरणात न्यायालयाने तो उचलला आणि तो रुळला.

५ नोव्हेंबर २०२४ रोजी नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने बहुमताने सांगितलं की प्रत्येक खासगी मालमत्ता समाजाची साधनसंपत्ती नसते. काही असू शकते. ते ठरवताना त्या साधनाचं स्वरूप, समाजाच्या हितावर त्याचा परिणाम, त्याची टंचाई आणि ते मोजक्या खासगी हातांत साठल्याने काय होतं, हे पाहायचं. जंगल, पाणवठा, खनिज यांच्या बाबतीत उत्तर बहुधा सोपं असेल. गिरगावातल्या चाळीच्या बाबतीत ते वादाचंच राहील. आठ-ए वैध की अवैध हे मात्र या नऊ जणांनी ठरवलेलं नाही, त्यांनी फक्त अर्थ लावून दिला. म्हणजे मालकाचं ‘बंद केलं’ही चूक आणि रहिवाशांचं ‘देईलच’ही.

एक गोष्ट मालक आणि भाडेकरू दोघेही विसरतात. मुंबईतली भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला गोठवली होती ती १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने. भाडं गोठलं म्हणून मालकाने दुरुस्ती सोडली आणि त्याचा मोबदला तो पागडीतून काढू लागला. ती रक्कम बहुतेकदा रोख आणि करचुकवी. इमारती कुजल्या म्हणून उपकर आला, उपकर पुरेना म्हणून आठ-ए. १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवणूक काळाच्या ओघात अवाजवी ठरल्याचं सांगितलं. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात वर्षाला ४ टक्के वाढ मिळते. ५० रुपयांवर ४ टक्के म्हणजे २ रुपये!

प्रश्न : आजोबांना कूळकायद्यात मिळालेली जमीन. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’. विकायला काढली तर दलाल म्हणतो सरकारची परवानगी लागते. मग ही जमीन आमची की सरकारची? (सांगली जिल्हा)

उत्तर : जमीन तुमचीच. फक्त विकण्याच्या स्वातंत्र्याला सरकारने खुंटी मारून ठेवली होती, आणि तुमच्या बाबतीत ती आता बरीच सैल आहे.

१ एप्रिल १९५७ ला, कृषक दिनी, जमीन कसणाऱ्या कुळांना कायद्याने खरेदीदार मानलं गेलं. किंमत आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, २० ते २०० पट. दिलेली जमीन सावकार पुन्हा गिळेल या भीतीने कलम ४३ ची अट घातली : जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विक्री, गहाण, बक्षीस काही नाही. भीती खोटी नव्हती. पण तीन पिढ्यांनंतरही ती अट राहिली, तेव्हा तिचा उपयोग कुळापेक्षा परवानगीच्या टेबलालाच जास्त होऊ लागला.

२०१४ च्या दुरुस्तीनंतर, खरेदीला दहा वर्षं झाली असतील तर परवानगी लागत नाही. तुमच्या कामाचा क्रम असा ठेवा. ‘इतर हक्क’ रकान्यात कलम ४३ चीच नोंद आहे ना ते पाहा. इनाम-वतनाची किंवा सिलिंगमध्ये, म्हणजे कमाल जमीनधारणा कायद्याखाली, वाटलेली जमीनही वर्ग २ मध्ये असते आणि तिचे नियम वेगळे आहेत. सिलिंगच्या जमिनीला कलम २९ ची परवानगी लागतेच. मग जुने फेरफार काढा आणि ३२-म चं प्रमाणपत्र, म्हणजे कुळाने किंमत पूर्ण भरल्याचा दाखला, शोधा. घरी नसेल तर तहसील कार्यालयातून नक्कल घ्या. त्यावरच्या तारखेपासून दहा वर्षं मोजा. त्यानंतर आकाराच्या ४० पट नजराणा भरा. आकार ६ रुपये असेल तर २४० रुपये, बस्स. घेणारा शेतकरी असला पाहिजे, त्याची एकूण जमीन कमाल मर्यादेच्या आत असली पाहिजे आणि विक्रीने तुकडेबंदी मोडता कामा नये.

गाडी अडते ती दोन ठिकाणी. ३२-ग मध्ये किंमत ठरलेली असते, पण शेवटचे हप्ते भरल्याची नोंद नसते, म्हणून ३२-म निघालेलंच नसतं. किंवा नजराणा न भरता आधी खरेदीखत होतं. तसा व्यवहार बेकायदा ठरू शकतो आणि मग निस्तरायला वर्षं जातात.

(कमाल मर्यादेबद्दल इतर दोघांनी विचारलं आहे. १९७५ च्या दुरुस्तीनंतर दोन पिकांना खात्रीचं पाणी असलेली जमीन १८ एकर, एका पिकाला खात्रीचं पाणी २७, त्याहून बेभरवशाचं ३६ आणि कोरडवाहू ५४. हे पाच जणांच्या कुटुंबासाठी. त्यापुढच्या प्रत्येक माणसामागे एक पंचमांश वाढ मिळते, पण एकूण दुपटीच्या वर नाही.)

प्रश्न : इंदिराबाईंच्या काळात ९७.७५ टक्के आयकर होता हे खरं का? आणि समाजवाद म्हणजे शेवटी कर वाढवत नेणंच ना? (पुणे)

उत्तर : दर खरा आहे. १९७३-७४ मध्ये २ लाखांवरच्या उत्पन्नाला ८५ टक्के कर आणि त्या करावर १५ टक्के अधिभार होता. ८५ चे १५ टक्के म्हणजे १२.७५, बेरीज ९७.७५. पण हा शेवटच्या टप्प्याचा दर आहे, सगळ्या उत्पन्नाचा नव्हे. ही गल्लत आजही रोज होते. २०२५-२६ ची नवी करप्रणाली घ्या. करपात्र उत्पन्न २४ लाख असेल तर पहिल्या ४ लाखांवर शून्य, पुढच्या प्रत्येक ४ लाखांच्या टप्प्यावर ५, १०, १५, २०, २५ टक्के. रुपयांत २०, ४०, ६०, ८० हजार आणि १ लाख. एकूण ३ लाख, वर ४ टक्के उपकर, म्हणजे ३ लाख १२ हजार. २४ लाखांच्या पुढचा टप्पा ३० टक्क्यांचा, पण या माणसाने दिला सरासरी १३ टक्के. ‘पगारवाढ घेतली तर वरच्या स्लॅबमध्ये जाऊन हातात कमी येईल’ हे म्हणूनच चूक.

एक जागा सोडून! नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंत कर शून्य होतो तो सवलतीमुळे. करपात्र उत्पन्न १२ लाख १० हजार झालं तर टप्प्यांप्रमाणे कर ६१,५०० होईल. तसा तो लावणं अन्याय होईल म्हणून तो वाढीव १० हजारांपुरता मर्यादित केला जातो. त्यावर उपकर ४०० रुपये. म्हणजे १० हजार जास्त मिळवले आणि १०,४०० भरले : १०४ टक्के. साधारण १२ लाख ७० हजारांपर्यंत हा चिंचोळा पट्टा आहे. नोकरदाराने ७५ हजारांची प्रमाणित वजावट धरून तो १२.७५ लाखांपासून मोजावा. इतका दर इंदिराबाईंच्या सरकारनेही उघडपणे लावला नव्हता, आणि याला समाजवाद कुणी म्हणत नाही.

९७.७५ चं काय झालं? वांछू समितीने १९७१ मध्येच सांगितलं की इतके चढे दर हेच करचुकवेगिरीचं मोठं कारण आहे, कमाल ७५ वर आणा. १९७४-७५ मध्ये तो अधिभारासह ७७ वर आला. मूळ गोंधळ त्याहून जुना. निकोलस काल्डोर या अर्थतज्ज्ञाने १९५६ मध्ये भारताला संपत्तीकर, देणगीकर, खर्चकर सुचवले ते एका अटीवर : आयकराचा कमाल दर ४५ टक्क्यांवर उतरवा. आपण नवे कर घेतले आणि अट तिथेच ठेवली. त्यामुळे ओझी एकावर एक चढली. समजा भांडवलावर १० टक्के परतावा मिळतो आणि संपत्तीकर २ टक्के आहे. तर १०० रुपयांवर मिळालेल्या १० रुपयांतले २ तिथेच गेले, म्हणजे तो उत्पन्नावरचा २० टक्के कर झाला. वर ९७.७५ लावा आणि बेरीज करा.

वसुलीचं म्हणाल तर, मृत्युकराचा कमाल दर ८५ टक्के होता. १९८५ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंहांनी तो रद्द केला तेव्हा त्यातून देशभरात वर्षाला २० कोटींच्या आसपास मिळत होते. संपत्तीकराने २०१३-१४ मध्ये १,००८ कोटी दिले. २०१५ मध्ये तो काढून एक कोटीवरच्या उत्पन्नाला २ टक्के जादा अधिभार लावला गेला, आणि त्यातून ९ हजार कोटींची अपेक्षा अर्थसंकल्पातच मांडली गेली. आमचं मत असं की वारसा आणि संपत्तीवर कर असावा, पण कमी दराचा आणि मोजायला सोपा. दागिने आणि चित्रं यांचं मूल्यांकन करत बसलेला अधिकारी श्रीमंताला समान करत नाही, त्याच्या सनदी लेखापालाला श्रीमंत करतो.

प्रश्न : समाजवाद आणि व्यक्तिस्वातंत्र्य एकत्र नांदूच शकत नाहीत, असं मला वाटतं. तुमचं म्हणणं? (नागपूर, महाविद्यालयीन विद्यार्थिनी)

उत्तर : तुमच्या बाजूने एक पुरावा आणि विरुद्ध एक, दोन्ही एकाच तुरुंगातले. १९३२-३३ च्या सुमारास नाशिकच्या कारागृहात जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, एस. एम. जोशी, ना. ग. गोरे, मिनू मसानी हे राजबंदी एकत्र होते. १९३४ मधल्या काँग्रेस समाजवादी पक्षाची जुळणी तिथली. त्यातले मसानी रशियाचा अनुभव पाहून समाजवादापासून दूर झाले आणि १९५९ मध्ये खुल्या बाजाराचा पुरस्कार करणाऱ्या ‘स्वतंत्र’ पक्षाच्या संस्थापकांत आले. एस. एम. जोशी आणि गोरे समाजवादीच राहिले. आणि १९७६ मध्ये घटनेत ‘समाजवादी’ शब्द घातला जात होता तेव्हा मधू लिमये आणि मधू दंडवते हे दोघे समाजवादी गजाआड होते. लोकसभेची मुदत वाढवून घेतली म्हणून लिमयांनी तुरुंगातूनच खासदारकीचा राजीनामा दिला. शब्द आणि माणसं यांची इतकी उलटापालट क्वचितच झाली असेल.

डॉ. आंबेडकरांचंही असंच गुंतागुंतीचं. १९४७ मध्ये अनुसूचित जाती फेडरेशनसाठी केलेल्या निवेदनात शेती, मूलभूत उद्योग आणि विमा सरकारी मालकीचे व्हावेत आणि ते घटनेतच लिहावं, अशी त्यांची मागणी होती. १५ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत के. टी. शाहांनी ‘समाजवादी’ शब्द सुचवला तेव्हा मात्र त्यांनी विरोध केला : समाजाची आर्थिक घडी कशी असावी हे लोकांनी काळानुसार ठरवावं, घटनेने त्यांचे हात बांधू नयेत. गंमत म्हणजे १९८९ पासून प्रत्येक राजकीय पक्षाला नोंदणीसाठी समाजवादावर निष्ठा असल्याचं लिहून द्यावं लागतं. खुल्या बाजाराचा पक्ष काढायचा असला तरी!

आमचं म्हणणं विचारलंत म्हणून : कर आणि परवानगी यांत फरक करा. कर पैसा नेतो, पण उरलेल्याचं काय करायचं हे तुम्ही ठरवता. परवानगी निर्णयच नेते. १९५१ च्या उद्योग कायद्याखाली कारखानदाराने परवान्यापेक्षा जास्त माल काढणं गुन्हा होता. कंपनीने नवा शेअर किती किमतीला विकायचा हे १९९२ पर्यंत दिल्लीतला एक नियंत्रक ठरवत होता. १९७६ च्या नागरी कमाल जमीनधारणा कायद्याने मुंबईत ५०० चौरस मीटरवरची मोकळी जागा सरकारजमा करायची होती, भरपाई चौरस मीटरला फार तर १० रुपये. पण त्यातच कलम २० होतं : सरकारला योग्य वाटलं तर सूट. बिल्डरांनी जमीन दिली नाही, कलम २० घेतलं. गरिबांसाठीची घरं कागदावर राहिली आणि महाराष्ट्राने तो कायदा २००७ मध्ये सोडला. समानतेसाठी केलेला कायदा असा आतून सडतो : दर किंवा मर्यादा कडक ठेवायची आणि सूट देणं अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडायचं.

दुसरी बाजूही तेवढीच खरी. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला करार नाकारण्याचं स्वातंत्र्य नसतं. त्याबद्दल लातूरच्या पत्रात.

प्रश्न : मी स्टॉकहोममध्ये राहते. भारतातले नातेवाईक म्हणतात, तुम्ही समाजवादी देशात आहात. (स्टॉकहोम)

उत्तर : त्यांना सांगा की स्वीडनमध्ये वारसाकर २००४ मध्ये गेला, तोही सोशल डेमोक्रॅट सरकारच्या हातून, आणि संपत्तीकर २००७ मध्ये. कंपन्यांवरचा कर २०.६ टक्के, कायद्याने ठरलेलं किमान वेतन नाही. कारखाने खासगी. कल्याणाचा खर्च निघतो तो मध्यमवर्गावरच्या आयकरातून, मालकांकडून वेतनावर घेतल्या जाणाऱ्या वर्गणीतून आणि २५ टक्के मूल्यवर्धित करातून, म्हणजे सगळ्यांच्याच खिशातून. खरा मालकीबदलाचा प्रयत्न तिथे कामगार संघटनांनी १९७६ मध्ये मांडला होता : नफ्याचा वाटा शेअरच्या रूपाने कामगारांच्या निधीत. १९८४ मध्ये तो फार पातळ करून आला आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला गुंडाळला गेला. बाकी, १९७६ मध्येच लेखिका आस्ट्रिड लिंडग्रेन यांना १०२ टक्के कर लागला होता. आपल्या १२ लाख १० हजारवाल्याला ही बातमी जरूर कळवा.

प्रश्न : मृत्युपत्रात सगळं एकाच मुलीला देता येत नाही असं वकील म्हणाले. हे कुठल्या समाजवादात बसतं? (फोंडा)

उत्तर : कुठल्याच नाही. गोव्यात मूळ पोर्तुगीज कायद्याप्रमाणे, मुलं असतील तर अर्धाच वाटा मृत्युपत्राने मर्जीप्रमाणे देता येतो. उरलेला अर्धा वारसांचा राखीव. महाराष्ट्रात हिंदू माणूस स्वकष्टार्जित सगळं कुणालाही देऊ शकतो. मालमत्तेच्या स्वातंत्र्यावरची ही मर्यादा कुटुंबाच्या नावाने आली आहे, म्हणून तिला कुणी ‘समाजवाद’ म्हणत नाही.

प्रश्न : पगारातून दरमहा २०० रुपये व्यवसाय कर कापतात, फेब्रुवारीत ३००. हा कशासाठी, आणि फेब्रुवारीचं काय वाकडं? (लातूर)

उत्तर : हा कर १९७५ मध्ये आला तो रोजगार हमी योजनेसाठी. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. शहरातल्या पगारदाराकडून कर, सरकारकडून तेवढीच भर, आणि खेड्यात मागेल त्याला काम. कर आधी राज्याच्या एकत्रित निधीत जातो आणि तिथून विधिमंडळाच्या मंजुरीने रोजगार हमी निधीत. केंद्राने २००५ मध्ये कायदा केला तो याच धर्तीवर. बांधावरच्या मजुराला पडेल ती मजुरी नाकारता येते ती गावात दुसरं काम हक्काने मिळत असेल तरच. करातून स्वातंत्र्य विकत घेतल्याचं याहून स्वच्छ उदाहरण आम्हाला महाराष्ट्रात सापडत नाही. मस्टरवर खोटी नावं, उशिरा मजुरी हे रोग याही योजनेला लागले, पण ते दुसऱ्या प्रकारचे.

फेब्रुवारीचं उत्तर घटनेत आहे. कलम २७६ प्रमाणे हा कर माणशी वर्षाला २,५०० रुपयांहून जास्त घेता येत नाही. आधी ही मर्यादा २५० होती, १९८८ च्या ६० व्या दुरुस्तीने ती वाढली. अकरा महिने २०० म्हणजे २,२००, उरले ३००. ते फेब्रुवारीत टाकतात. महिना २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना हा कर नाही. कापला जात असेल तर लेखा विभागाला स्लिप दाखवा.